उत्तराची जागा मोकळी ठेवली आहे

वसुधाताई, मला भीती वाटते.

हे वाक्य मी आजवर एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. पत्रकात निषेध असतो, इशारा असतो, फार तर तीव्र चिंता असते. घाबरलेल्या माणसाचं पत्रक कोण वाचणार? तुम्ही माझी पत्रकं चष्मा कपाळावर ढकलून वाचायचात आणि परत देताना म्हणायचात, "मुद्दे बरोबर आहेत गं तृप्ती, पण यात कुणी श्वासच घेत नाही." मी म्हणायचे, "एका पानात चाळ वाचवायची असते ताई, श्वास कुठे घालू?"

आता तुम्ही गेलात, आणि ज्या कपाटाला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत, त्यातलं सगळं आमच्या लालबागच्या खोलीत आहे. बिस्किटांच्या खोक्यांत, आईच्या शिलाई मशीनखाली. आई पाय मारताना जपून मारते. काल म्हणाली, "यात माणसं भरल्येत असं वाटतं मला."

तुम्ही कोण होतात, कुठे नोकरी केलीत, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या भाच्याने पेपरात दिलंय, तुमचं वय चुकवून. गिरगावातली एक बाई गिरणगावातल्या चाळी पालथ्या घालते, कोकणातून आलेल्या बायकांना गायला लावते आणि ते टेपवर उतरवून घेते, इतकं मला पुरेसं आहे. भाचा भला माणूस आहे, ताई. दारातच म्हणाला, "मावशीच्या कॅसेटी तुम्ही नेता का? खोलीचा ताबा द्यायचाय आणि माझ्याकडे जागा नाही. खरं सांगू का, आमच्याकडे त्या वाजवायला काही नाहीच." मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने भांडायला जागाच ठेवली नाही. मी खोकी उचलली.

तुमच्या जिन्याच्या वळणावर दम घ्यायला थांबले आणि तिथे पहिल्यांदा घाबरले. ओळख झाल्यापासून आपण एकाच गोष्टीवर भांडत होतो. आता मला नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

आपलं भांडण इथे लिहून ठेवते, कारण ते संपलेलं नाही. मी म्हणत होते, गाणी बाहेर काढा. नेटवर टाका, सभांमध्ये वाजवा, पोरांच्या फोनमध्ये जाऊ द्या. कपाटात मरतील त्यापेक्षा बरं. तुम्ही म्हणत होतात, "गाणी माझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांनी जेवढं दिलं तेवढंच मला देता येईल." मी म्हणाले होते, हे शुद्ध सावकारी वागणं आहे, लोकांची वस्तू लोकांपासून कुलपात ठेवायची. तुम्ही रागावला नाहीत. चहा ओतत म्हणालात, "सावकार विचारत नाही गं. मी विचारलेलं असतं."

आणि तुम्ही विचारायचात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपली पहिली भेट तुम्ही नक्की विसरला नसाल. परळला एका घरात डोहाळजेवणाची गाणी चालली होती, मी पत्रकं वाटत वाटत फोनवर बोलत थेट आत शिरले. तुम्ही कानाला हेडफोन लावून जमिनीवर बसला होतात. मान न वळवता एक बोट वर केलंत. फक्त बोट. मी सभेत पोलिसांच्या सांगण्यावरून कधी गप्प बसले नाही, त्या बोटाने बसले. माझं "हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो" त्या गाण्यावर अजून आहे. मी कितीदा म्हटलं, तेवढं कापा. तुम्ही कापलं नाहीत. "ते झालं तेव्हा झालं," म्हणालात. मी चाळीतल्या बायकांचं रील बनवताना खोकला कापते, नळाचा आवाज कापते, दोन ओळींमधली जागा कापते, कारण लोक तेवढ्यात अंगठा सरकवून पुढे जातात. तुम्ही एकदा माझं रील शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "छान आहे. या बाई दम कधी घेतात?"

तर ते विचारणं. गाणं संपलं की मशीन तसंच चालू ठेवून तुम्ही म्हणायचात, "बायांनो, हे कुणाला ऐकवू?" आणि त्या सांगायच्या. सगळ्यांना ऐकव. पुरुषांना नको. माझ्या सुनेला नको. लग्नघरातच ऐकव, एरवी लावू नको. आधी का विचारत नाही म्हटल्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "गाण्याआधी बाईला काय ठाऊक, ती काय म्हणून जाणार आहे?" आणि कागदावर का घेत नाही? "सही मागितली की गळा आवळतो. यांच्या घरी कागद आला तो नेहमी काहीतरी न्यायलाच आला."

हे शेवटचं मला पटतं. आमच्याकडे रविवारी बिल्डरचा एक कागद येणारच आहे.

पण ताई, तुमची पद्धत चूक होती. गेलेल्या माणसाला चूक म्हणत नाहीत, तरी म्हणते. कपाटभर गाण्यांत कुणाची काय अट, हे तुमच्या डोक्यात होतं आणि टेपांवर होतं, दुसरीकडे कुठेही नाही. डोकं तुम्ही घेऊन गेलात. उरल्या टेपा. आणि अट गाण्याच्या शेवटी. म्हणजे एखादं गाणं ऐकायची मला परवानगी आहे की नाही, हे कळायला ते गाणं आधी पूर्ण ऐकावं लागणार. हे तुमच्या लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही फक्त स्वतःचं मरण हिशेबात धरलंच नव्हतंत.

खोक्यात एक कॅसेट सापडली. तुमच्या हातचं 'लालबाग, गौरी' आणि पुढे आमच्या चाळीचं नाव.

त्यातल्या गाण्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे, गाणं मात्र कधी ऐकलं नाही. गौरीच्या दिवशी दुपारी पुरुषांना मजल्यावरून खाली पिटाळून आमच्याकडच्या बायका दोन बाजू करून उभ्या राहायच्या. एक बाजू विचारायची, पहिल्या खोलीत कोण राहते? दुसरी बाजू सांगायची. नुसतं नाव नाही, सगळंच सांगायची. कोण नवऱ्याला घाबरते, कोणाचा नवरा पगाराच्या दिवशी कुठे असतो, कोण कुणाच्या खोलीतून पीठ नेते आणि परत करत नाही. अशी अख्खी चाळ, खोलीमागून खोली. गिरणी संपाच्या वर्षांनंतर ते बंद पडलं. तुम्ही त्याआधी एकदा ते उतरवून घेतलं होतंत. गाणाऱ्यांपैकी आज एकच आहे, कोपऱ्यातल्या खोलीतली शेवंताकाकी.

"मग वाजव ना," नित्या म्हणाला. आमच्या भाडेकरू समितीत मजकूर माझा असतो आणि स्पीकर नित्याचा. "रविवारी सगळी चाळ खाली जमणारे. बिल्डरचा माणूस संमतीचा कागद घेऊन येणारे. त्याच्या आधी हे गाणं लागलं ना, एक माणूस सही करणार नाही."

"परवानगी नाही."

"कुणाची?"

"गाणाऱ्यांची."

"अगं त्या गेल्या. आता काय वर जाऊन विचारू?"

"काकी आहे."

"मग काकीला विचार."

"विचारलं. तिला आठवत नाही काय सांगितलं होतं ते. ते टेपवर आहे, गाण्याच्या शेवटी."

"म्हणजे गाणं ऐकायचं की नाही हे कळायला आधी गाणं ऐकायचं?"

"हो."

"ग्रेट होत्या तुझ्या ताई," तो म्हणाला. कौतुक नव्हतं ते.

खरी भीती मी नित्याला सांगितली नाही. त्या गाण्यात ज्यांची नावं आहेत त्यांची मुलं-नातवंडं अजून इथे राहतात. रविवारी ती खांद्याला खांदा लावून उभी राहायला हवीत. एखाद्याच्या आजीचं काही भलतंच भोंग्यावर वाजलं तर? बिल्डरचा माणूस हसत उभा राहील आणि आमची एकी आम्हीच मोडलेली असेल. हे झालं पत्रकातलं कारण. दुसरं कारण पत्रकातलं नाही. मला ते ऐकायचंच होतं, ताई, सभा असो-नसो. आणि मला थांबवणारं बोट कुठेच नव्हतं.

कॅसेट घेऊन दादरला जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या पेडणेकरांच्या गाळ्यात गेले. त्यांनी ती उजेडात धरली. फितीवर पांढरी बुरशी होती, भाकरीवर येते तशी. म्हणाले, "साफ करतो. पण एकदाच चालेल, सरळ. पुढेमागे पळवायची नाही. पळवली की तुटली म्हणून समजा."

मी म्हटलं, "आवाज बंद ठेवून कॉम्प्युटरवर उतरवता येईल?"

"आवाज बंद? मग मला कळणार कसं नीट उतरतंय ते?"

"मशीनवरच्या काट्याकडे बघून."

"काटा हलतोय एवढंच कळेल मॅडम."

"तेवढंच कळायला हवंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आवाजाचं बटण पार मागे फिरवलं. न विचारता कॉपी काढणं तुमच्या नियमात चोरीच आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही असतात तर तिथेच जुंपली असती. मी म्हटलं असतं, टेपच गेली तर अटही जाईल. तुम्ही काय म्हटलं असतंत ते मी रोज शोधते, सापडत नाही. तुमची बाजू मला बोलता येत नाही.

आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा उठायचा, थोडा वेळ थरथरायचा, खाली यायचा. मग एकदम उंच जायचा. पुन्हा खाली. पेडणेकर म्हणाले, "दोन पार्ट्या दिसतायत. दुसरी पार्टी जोरात आहे." मला हसू आलं. एकदा काटा खाली गेला तो उठेचना. फीत तर फिरत होती. पेडणेकरांचा हात बटणाकडे गेला. "ऐकून बघू जरा?" मी नको म्हटलं. ती गाणारी माणसं त्या डब्यात शेवटची एकदा उठली होती, आणि त्यातलं काही राहतंय की पुसलं जातंय हे मला कळायला मार्ग नव्हता. मग काट्याला एकदम झटका बसला, वर-खाली, वर-खाली. "हसतायत वाटतं," पेडणेकर म्हणाले. त्यांनीही ऐकलं नव्हतं काही. कॅसेट बाहेर काढताना फीत खरोखरच तुटली.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन काकीकडे गेले. पडद्यावर गाण्याची आकृती दिसते, शेवटी थोडी सपाट जागा आणि मग एक छोटा वेगळा ढीग. फक्त तोच लावला.

आधी तुमचा आवाज आला, ताई. तरुण. मी ओळखलाच नाही. "बायांनो, हे कुणाला ऐकवू?"

बांगड्या, हसणं, कुणीतरी कुणाला ढकललेलं. मग एक खणखणीत आवाज. "कोणाक नको. आमच्यातली एक जरी जिती आसली तरी कोणाक ऐकवू नको."

"आणि मग?" तुम्ही.

"मगे काय, लाव भोंगो."

पुन्हा हसणं, आणि खट्.

काकी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "ती मीच गो."

"काय?"

"कोणाक नको म्हणणारी. माझोच आवाज तो. माका काय ठावक, मागे मीच रवतलंय." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमची सभा कधी?"

"रविवारी."

"रविवारच्या आत माका जाऊक जमाचा नाय."

मी हसले नाही. ती हसली, आणि माझा चेहरा बघून आणखी हसली. "घाबारलंस कित्याक? तूच मारतलंस काय माका?"

घाबरले होते, ताई. कारण क्षणभर माझ्या डोक्यात हिशेब आलाच होता. तो कुणालाच दिसला नाही, पण मला दिसला. एका म्हातारीचं असणं मला अडचण वाटलं. बिल्डरचा माणूस हाच हिशेब आमच्या चाळीकडे बघून करतो, म्हातारी माणसं किती आणि किती वर्षं थांबायचं. त्याच्यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत.

मी म्हटलं, "काकी, आता तू एकटीच आहेस. तू परवानगी दे ना."

"मी एकटी कशी देऊ? सगळ्यांनी मिळान सांगितलेला. त्या येऊन हो म्हणूच्या नाय."

"मग तूच म्हण गाणं. तोंडाने. त्याला काही अट नाही."

"माझी बाजू माका येता. दुसरी बाजू त्यांका यायची."

"म्हणजे तुला फक्त प्रश्न येतात?"

"इचारणारी बाजू माझी. सांगणारी त्यांची. माका कधी गरज पडली नाय."

मी तुमचा छोटा रेकॉर्डर काढला. गाण्याआधी तुम्ही थोडा वेळ नुसती खोली उतरवायचात, कुणी न बोलता, तशी मी उतरवली. पंख्याचा आवाज आला, आणि शेजारच्या इमारतीचं पाडकाम चाललंय त्या ब्रेकरचा. मग काकीकडे पाहून मान हलवली.

"पयल्या खोलीत कोण गो बाय, कोण गो बाय?"

आणि ती थांबली. मला वाटलं विसरली. तोंड उघडणारच होते, तेवढ्यात तिचा हात दिसला. मांडीवर ताल धरला होता. मान हलत होती, ओठ मिटलेले. दुसरी बाजू तिला ऐकू येत होती, ताई. ती गाऊन होईपर्यंत काकी थांबली, आणि बरोबर ठेक्यावर दुसऱ्या खोलीचा प्रश्न घेतला. अशी सगळी चाळ. मधल्या जागेत फक्त ब्रेकर. काही ठिकाणी ती थोडीच थांबायची, काही ठिकाणी खूप. आमच्या खोलीचा प्रश्न आला तेव्हा ती इतकी थांबली की मी मान वर केली. माझ्याकडे बघून गालात हसत होती.

झाल्यावर मी आधी तेच विचारलं. "आमच्या खोलीत एवढं काय होतं?"

"तुझ्या आजयेक इचार जा."

आजीला जाऊन खूप वर्षं झाली. उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, एक बटण दाबलं की ऐकू येईल. मी ते अजून दाबलेलं नाही. 'अजून' या शब्दाचीच मला भीती वाटते, म्हणून तो लॅपटॉप आईच्या ताब्यात दिलाय. आईला तो चालू करता येत नाही.

मग आठवलं. मशीन चालूच होतं. तुमचा प्रश्न माझ्या तोंडून कसा येईल याची खात्री नव्हती. "काकी, हे कुणाला ऐकवू?"

"सगळ्यांका ऐकव. इचारण्यात कसली लाज? पण मदली जागा कापू नको हां. तू कापतंस, माका ठावक आसा."

नित्याने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "अर्धंच गाणं? लोक मध्ये बोलायला लागतील."

"लागू देत," मी म्हटलं.

एक राहिलं. तुमचा भाचा मागतोय, मावशीचा आवाज पाठवा, शोकसभेत लावू, सगळ्यांना बरं वाटेल. प्रत्येक टेपच्या शेवटी तुमचा आवाज आहे. इतक्या बायकांना तुम्ही विचारलंत. तुमचा आवाज कुणाला ऐकवू, हे तुम्हाला कुणीच विचारलं नाही. मी इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून तुमचा चहा प्यायले, तुमच्या मशीनवर टीका केली, आणि हे मला सुचलं नाही. म्हणून आवाज पाठवला नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. हे माझं आहे, याला परवानगी लागत नाही.

रविवारी चाळीच्या चौकात काकीचे प्रश्न लागतील. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं आहेत. काकी विचारेल, तिसऱ्या खोलीत कोण गो बाय, आणि मग ती जागा येईल. त्या जागेत कुणी काही म्हणेल की ब्रेकरच वाजत राहील, मला माहीत नाही. झोप येत नाही त्या विचाराने. आणि सगळ्यात जास्त भीती माझीच आहे. ती शांतता मला सोसणार नाही, मी माइक घेईन आणि बोलायला लागेन.

नित्याला सांगून ठेवलंय, काही झालं तरी माझ्या हातात माइक द्यायचा नाही. मी स्पीकरच्या बाजूला उभी राहीन, एक बोट वर करून.